बातमीत पाहुणे आले, वर्ग चालवणारे राहिले

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याकडच्या मुलांच्या संध्याकाळच्या वर्गातल्या वह्यावाटपाची बातमी आली, फोटोसकट. बघून आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, आमच्या बाजूचं नाव पेपरात एरवी येतं ते वादळ आलं की नाहीतर कोणी पर्यटक समुद्रात बुडाला की. पण बातमी वाचली आणि डोकंच फिरलं. स्टेजवर डझनभर माणसं, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, सन्माननीय उपस्थिती, खाली मुलं रांगेत बसलेली आणि प्रत्येकाच्या हातात वही अशी समोर धरलेली की कव्हरवरचा देणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात यावा. आणि जी माणसं तो वर्ग खरंच चालवतात त्यातलं एकही फोटोत नाही. म्हणजे एक आहे, पण ती मागे चहाचे कप गोळा करत होती, तिचा खांदा आणि ट्रे तेवढा आलाय, बाकीची कापली गेली.

बातमीत पाहुण्यांची सगळी नावं बरोबर आहेत हो, आडनावं, पदं सगळं. वर्गाबद्दल दोन ओळी, त्यातली एक म्हणजे 'स्तुत्य उपक्रम'.

मी हर्णै-मुरुड पट्ट्यात घरगुती खानावळ चालवते. वर्ग मी घेत नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई स्वतःची जाहिरात करतेय. वर्गाला चहा माझ्याकडून जातो आणि शाळेची चावी कधीमधी माझ्याकडे असते, एवढाच संबंध. पण शेजारीच असल्याने सगळं बघत असते. नावं लिहिणार नाहीये कोणाची कारण ती त्यांनाच नकोयत, एकाने तर बजावलंच आहे की वहिनी, माझं नाव कुठे छापून आलं तर दुसऱ्या दिवसापासून मी बंद. ठीक आहे, नावं राहू देत. पण ही माणसं करतात काय, हे तरी कोणीतरी लिहायला नको का?

तर सुरुवातीपासून सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे-कौलं उडाली, लाईट कितीतरी दिवस नव्हती, आणि त्याच्या आधीपासून कोरोनामुळे शाळा बंद. टीव्हीवर दाखवायचे की मुलं मोबाईलवर शिकतायत, इकडे मोबाईल चार्ज कुठे करायचा हाच प्रश्न, कोणाचा जनरेटर चालू असला की तिथे आख्खी वाडी चार्जर घेऊन हजर. तेव्हा जी पोरं पहिली-दुसरीत होती ती अक्षरं गिरवायच्या वयात घरी बसली. पुढे शाळा सुरू झाल्या, पोरं वरच्या वर्गात गेली, आठवीपर्यंत कोणाला फारसं अडवत नाहीत, पण जोडाक्षर आलं की गाडी बंद. वाचून दाखव म्हटलं की चित्र बघून गोष्ट सांगणार, इतकी हुशार की बाहेरच्याला पटकन कळतही नाही की याला वाचता येत नाहीये.

हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं ते एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका. मास्तर नव्हेत, पण सगळी नोकरी पैसे मोजण्यात गेली आणि लहान पोरांशी कसं बोलायचं ते त्यांना कळतं. त्यांनी आधी आपल्याच ओटीवर शेजारची तीन-चार पोरं बसवली. मग वाढत गेली, मग देवळाच्या सभामंडपात वर्ग भरायला लागला, तिथे जागा मस्त, पंखे आहेत, पण मोहल्ल्यातली मुलं यायला बिचकायची आणि त्यांच्या आयांनाही बरं वाटेना. यावरून थोडी कुजबुज झाली आणि मग कोणी भाषण न करता वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात हलला. शाळा व्यवस्थापन समितीत रीतसर ठराव झाला, चावीचं ठरलं, लाईट बिलात वर्गाने वाटा द्यायचा हेही ठरलं. आता दोन्हीकडची मुलं एकाच सतरंजीवर बसतात, आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची दोघं-तिघं असतात, आणि एक सांगते, मराठी वाचनात त्यातली एक पोर सगळ्यांच्या पुढे आहे. जूनमध्ये ती गावी गेली की वर्ग सुना वाटतो असं काका म्हणतात.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो. बाहेरचे लोक विचारतात शनिवार-रविवार का नाही, सुट्टी असते ना. अहो, सुट्टी तुम्हाला. आमच्याकडे शनिवार-रविवार म्हणजे गाड्याच गाड्या, कोणाच्या घरी रूम भाड्याने, कोणाची खानावळ, कोणाचा बीचवर नारळपाण्याचा नाहीतर भेळेचा स्टॉल, दहा वर्षाचं पोरसुद्धा पाण्याच्या बाटल्या नेऊन देत असतं. चांगलं का वाईट हा वेगळा विषय, माझ्याही घरात तेच चालतं. पण मुंबईहून एक मंडळ आलं होतं दर रविवारी शिबिर घ्यायला, पोरंच आली नाहीत, आणि ते लोक चिडून गेले की इथल्या पालकांना शिक्षणाची कदर नाही. वार बदलून बघितला असता तर कदर दिसली असती.

तसंच महिन्यांचं. जुलैमध्ये भाताची लावणी लागली की वर्ग अर्धा होतो, चिखलातून आलेलं पोर पुस्तक उघडून डुलक्या काढतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बाप घरी, जाळी दुरुस्त करायची कामं निघतात, त्याला हाताशी पोरगा लागतो. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरळीत सुटल्या की मग वर्ग भरायला लागतो, गणपतीत पुन्हा बंद, शिमग्यात पुन्हा बंद. हे सगळं धरून वर्षाचं गणित ज्याला जमतं तोच इथे काम करू शकतो, आणि ते बसवलंय कोणी, तर एका मासे विकणाऱ्या मावशीने.

या मावशी चौथी शिकलेल्या. त्या एक अक्षर शिकवत नाहीत. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर वर्ग त्यांच्यामुळे चालतो, बाकीचे शिकवणारे बदलले तरी चालेल. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव असतो, तोच त्यांच्या धंद्याचा टाईम, तरी मंगळवार-गुरुवार त्या जावेला पाठवतात आणि स्वतः वाडीतून पोरं गोळा करत येतात. कोण आलं नाही, का आलं नाही, ताप आहे का, बाप दारू पिऊन पडलाय का, आईने धाकट्याला सांभाळायला ठेवलंय का, सगळं त्यांना ठाऊक असतं. धाकट्याला सांभाळायचं असेल तर त्या म्हणतात, आण त्यालापण, मी घेते. मग त्या कोपऱ्यात मांडीवर कोणाचं तरी शेंबडं पोर घेऊन बसलेल्या असतात. वर्ग सुटला की बॅटरी घेऊन एकेकाला घरापर्यंत सोडायचं, कारण पावसाळ्यात पायवाटेवर फुरसं निघतं आणि शेवटच्या वळणावरचा दिवा कायम गेलेला. कुठलीही बाई आपलं पोर संध्याकाळचं बाहेर पाठवते ती मास्तरांच्या भरवशावर नाही, मावशींच्या भरवशावर पाठवते. फोटोत जिचा ट्रे आलाय ना, त्या ह्याच.

काकांचं शिकवणं एकदा तुमच्या वार्ताहराने बसून बघायला हवं होतं. एक मुलगी आहे, सहावीतली, भागाकार म्हटला की रडायला लागायची, पाटीवर उभी रेघ मारून समोर बसून राहायची. काकांनी एके दिवशी सरळ लिलावच लावला. मोठ्याने, अगदी बंदरावरच्यासारखा. पापलेटची पाटी, चौदाशेला सुटली, चौघींनी मिळून घेतली, बोल प्रत्येकीच्या वाट्याला किती? पोरगी तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि म्हणाली साडेतीनशे. काका म्हणाले कसं काढलंस ते सांग. तर म्हणे आधी तीनशे तीनशे दिले, बाराशे गेले, दोनशे उरले, मग पन्नास पन्नास. काका म्हणाले आता हेच, जस्संच्या तसं, पाटीवर लिही. तिने लिहिलं, तीनशे, खाली बाराशे, वजा, दोनशे, पन्नास. लिहून झाल्यावर ती पाटीकडे बघत बसली आणि मग एकदम ओरडली, काका हा तर भागाकारच झाला! मावशी मागून म्हणाल्या, मग तुझी आयस रोज काय करते तिकडे. पोरं हसून लोळली. त्या मुलीला आता तीन आकडी संख्येने भागायला द्या, हातचा चुकेल पण रडणार नाही.

हे शाळेत का होत नाही असं कोणी विचारेल, तर शाळेतल्या गुरुजी-बाईंना मी बोल लावणार नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे चार-पाच इयत्ता दोघांत. त्यात एकाला मीटिंगला बोलावलं, दुसऱ्याला ऑनलाईन माहिती भरायची, झालं. कोकणात मुलंच कमी, निम्मं गाव मुंबईला, पटसंख्या पडते म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून ज्याला परवडतं तो पोराला दापोलीला घालतो, म्हणून पट आणखी पडतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या जीआरवरून एवढं रान उठलं ते काय उगाच नाही. बाहेरच्या जिल्ह्यातून भरती होऊन आलेले शिक्षक बदली करून आपल्या जिल्ह्यात गेले की ती जागा रिकामी राहते हेही इथे सगळ्यांना माहितीये, आणि इकडे आमचीच डीएड झालेली मुलं-मुली घरी.

त्यातलीच एक वर्गात आहे. डीएड, टीईटी सगळं करून बसलेली, दिवसा काजूच्या फॅक्टरीत जाते. काजू सोलून सोलून बोटं काळी पडलेली असतात तिची, चिकाने कातडी सोलवटते, त्याच हाताने संध्याकाळी वाचनाचं घेते. वाचनाची पद्धत तिची स्वतःची. इयत्ता बघतच नाही ती. ज्याला अक्षर येत नाही तो एका गटात, मग तो सातवीत का असेना, ज्याला शब्द येतात तो दुसऱ्यात, ज्याला परिच्छेद वाचता येतो तो तिसऱ्यात. 'प्रथम' वगैरे संस्था असं करतात, वाचता येतं त्या पातळीवर बसवायचं, तिला ते डीएडला असताना कळलेलं. सुरुवातीला सातवीतल्या पोराला दुसरीतल्या बहिणीशेजारी बसायची लाज वाटायची, तर तिने काय केलं, त्या मोठ्या पोरांना छोट्यांना शिकवायला लावलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं तो शिकवतोय, आणि शिकवता शिकवता तोच काना-मात्रा पक्का करतोय. वाचायला काय, तर एसटीचं टाईमटेबल, लाईटबिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची सूचना. माझ्या खानावळीचा मेनूही नेला होता, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पोरांनी मला परत आणून दिला, सोलकढीतली वेलांटी चुकली होती म्हणे. हल्ली नवीन मेनू लावलाय.

आणखी एक आहेत ते मुलांना काहीच शिकवत नाहीत, पोरं त्यांना थोडी घाबरतातच. महसूल खात्यातून कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांचं काम कागद. आता तुम्ही म्हणाल यात काय मोठं. तर ऐका. आठवीला एनएमएमएसची परीक्षा असते, गरीब घरातल्या हुशार मुलांसाठी, वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी मिळतात, चार वर्षांचे ४८,००० होतात. खलाशाच्या घरात ही रक्कम म्हणजे पोरगी अकरावीला जाणार का नाही याचा निकाल. पण परीक्षा पास होणं हा सोपा भाग. साडेतीन लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, बँकेत खातं पाहिजे ते आधारला जोडलेलं पाहिजे, शाळेच्या दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं, वडिलांच्या नावात एका ठिकाणी काना आहे एका ठिकाणी नाही, आणि एवढं करून पहिल्या वर्षी पैसे आले तरी पुढच्या वर्षी ऑनलाईन रिन्युअल केलं नाही की बंद. पास झालेल्या पोरांचे पैसे असे कागदापायी अडकलेले इथे घरोघरी माहितीयेत. हे साहेब प्रत्येक पोराची एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवतात, त्यात सगळे कागद, वर चिकटवलेली तारीख, पुढचं काम काय ते लिहिलेलं.

जातीच्या दाखल्याचं तर विचारूच नका. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आणि एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत त्याने पुरावा आणायचा कुठून? मग हे कुठल्या तरी जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांच्या चुलत्याचं नाव शोधतात, वंशावळ काढतात, जुना कागद मोडीत निघाला तर मोडी वाचणाऱ्याकडे स्वतःच्या खर्चाने जाऊन येतात. ज्या दिवशी एखाद्या पोराचा दाखला हातात येतो त्या दिवशी हे गृहस्थ चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त मागतात, एवढाच सत्कार.

आणि एक आहेत ते इथे राहतच नाहीत, नालासोपाऱ्याला असतात, लोकलचे धक्के खात फोर्टला नोकरी. आमच्याच वाडीचे. त्यांनी नववीतला एक मुलगा घेतलाय, घेतलाय म्हणजे ठराविक रात्री ठराविक वेळेला फोन करायचा, विज्ञानाचं काय कळलं नाही ते सांगायचं, आणि नुसतं अभ्यासाचंच असं नाही, आज काय केलंस, कोणाशी भांडलास, बोटीवर जायचं डोक्यातून गेलं का. घरात रेंज नाही म्हणून तो मुलगा वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर जाऊन कातळावर बसतो, तिथे दोन कांड्या येतात. पावसात छत्री धरून बसलेला असतो. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत का रे एवढं वर चढायला, तर म्हणाला ते नाही का दिवसभर उभ्याने ट्रेनमधून येऊन मला फोन करतात. बापाला वाटतं हा कोणा पोरीशी बोलायला जातो, त्यावरून एकदा मार पण खाल्लाय बिचाऱ्याने. मग नालासोपारावाल्यांनी बापालाच फोन करून सांगितलं, तेव्हा कुठे मिटलं.

ही नववीची भानगड मुद्दाम सांगते कारण तुमच्या पेपरात दरवर्षी मोठ्ठा मथळा असतो, कोकण बोर्ड राज्यात अव्वल. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२ टक्के. अभिमान मलाही वाटतो, पेढे मीही वाटलेत. पण तो निकाल परीक्षेला बसलेल्यांचा असतो. जो आठवीपर्यंत ढकलत ढकलत आला आणि नववीत आपटला आणि गुपचूप बोटीवर गेला, नाहीतर जी मुलगी नववीतच घरी बसली, ती पोरं त्या टक्क्यांत मोजलीच जात नाहीत. आमच्याकडच्या वर्गातली माणसं नेमकी त्याच पोरांमागे लागलेली आहेत. पहिल्या नंबरच्या पोरांना विचारणारे पुष्कळ असतात, त्यांना सत्कार, त्यांना बॅग, त्यांना छत्री. यावरून गटात मध्यंतरी वादही झाला होता. एकाचं म्हणणं होतं की आपण नवोदय आणि स्कॉलरशिपची तयारी करून घेऊ, दोन पोरं लागली तर नाव होईल. मोठं वाजलं, तो माणूस निघून गेला आणि त्याने दापोलीत स्वतःचा क्लास काढला, चांगला चाललाय, माझी काही तक्रार नाही. पण वर्ग होता तसाच राहिला.

आता तक्रार, तुमच्याबद्दलची. त्या फोटोखाली तुम्ही पाच मुलांची पूर्ण नावं, वाडी आणि 'वडील व्यसनी', 'आई परित्यक्ता' असं लिहिलंय. कोणी सांगितलं तुम्हाला? ती मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तेव्हा काय ऐकावं लागलं असेल याचा विचार केला का? वर्गाचा नियम आहे की मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कोणाच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही, एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला घेऊन बसायचं नाही, कायम दोघं मोठे हजर आणि दार-खिडक्या उघड्या. भिंतीवर १०९८ हा चाईल्डलाईनचा नंबर पोरांच्याच अक्षरात लिहून लावलाय. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण खेड्यात अजून हे नियम बोलून दाखवले की लोकांना राग येतो, आमच्यावर संशय घेता का म्हणून. एका ओळखीच्याच माणसाला मावशींनी स्पष्ट नाही म्हटलं, घरी येऊन शिकवतो म्हणत होता, घरी नाही म्हणाल्या, व्हरांड्यात ये सगळ्यांदेखत. तो परत आला नाही. वह्यावाटपाच्या दिवशी मात्र पाहुणे म्हणाले फोटो पाहिजेच, आणि वर्गातल्यांना तोंड उघडता आलं नाही, कारण समारंभ त्यांनी ठरवलेलाच नव्हता. यापुढे मुलांची नावं छापू नका ही हात जोडून विनंती.

बरं, वह्या वाईट का? नाही. पण प्रत्येक पोराकडे जूनमध्ये तीन मंडळांच्या, दोन पतपेढ्यांच्या आणि एका पक्षाच्या वह्या झाल्यात, निवडणुका जवळ आल्या की आणखी येतात. वाडीवाडीचं मुंबईत मंडळ आहे, त्यांचा पैसा सभामंडप, कमान, क्रिकेटचा चषक, वह्या यात जातो. पलीकडच्या मुरुडचेच महर्षी कर्वे, १९५८ ला भारतरत्न मिळालेले. लहानपणी सहावीच्या परीक्षेला इथून साताऱ्याला चालत गेले आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून बसू दिलं नाही, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहिती. पण त्यांनी पुढे मुंबईत असताना 'मुरुड फंड' काढला होता, बाहेर कमावणाऱ्या गाववाल्यांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावाच्या कामाला द्यायचा, हे फार कमी लोक सांगतात. एकदाची देणगी आणि फलक, असा तो प्रकार नव्हता. त्यांना घडवणारे गावातले सोमण मास्तर होते, त्यांचा पुतळा कुठे बघितलाय का तुम्ही? मी तरी नाही.

म्हणून चाकरमानी मंडळींना सांगणं आहे. गणपतीला याल तेव्हा आरतीच्या आधी अर्धा तास शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसा. पैसे नकोत असं नाही, लाईट बिल आहे, सतरंजी फाटलीय, चष्मा लागलेल्या दोन पोरांचे नंबर बदललेत. पण त्याआधी एक पोर घ्या, वर्षभर, आठवड्यातून एक फोन. आणि जमणार नसेल तर सुरुवातच करू नका, चार आठवडे फोन करून बंद केलेल्या एका भाऊंची वाट बघत एक मुलगी कितीतरी दिवस सड्यावर जात होती, ते बघवत नव्हतं.

तातडीचं म्हणाल तर एकच. कंडक्टर काकांना दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला जावं लागणार आहे, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, परत कधी येतील सांगता येत नाही. तेव्हा मंगळवार-गुरुवार संध्याकाळी गणित घेणारा माणूस पाहिजे, बाई असली तर उत्तमच. डिग्री कोणी विचारणार नाही, पोरांवर ओरडायचं नाही आणि सांगून दांडी मारायची, एवढंच. दापोलीहून येणार असाल तर हर्णैच्या गाडीने या, परतीच्या शेवटच्या एसटीपर्यंत वर्ग सुटतो. शाळा कुठे म्हणून बंदरावर कुठल्याही मासेवाल्या बाईला विचारा, ती बरोबर मावशींकडे नेऊन सोडेल. आणि तुमचा वार्ताहर पुन्हा यायचा असेल तर त्याने मंगळवारी यावं, समारंभ नसेल, चहा मी देईन.

आपली एक वाचक,
हर्णै-मुरुड पट्टा, ता. दापोली, जि. रत्नागिरी